पहिला मान हैबतीचा

थांबा. आत पाय टाकू नका. चपलांचं काही नाही, चपला घालून खुशाल जा. पण इथं आत पहिलं गाढव जातं आणि मग माणूस. हा खापरमाळचा रिवाज आहे. मोठमोठे साहेब येऊन गेले, त्यांनाही तो चुकला नाही. गाढव आणायला गेलेत, येईल एवढ्यात. तोवर या बाभळीखाली टेका. त्या बाईंना आधी जागा द्या, कडेवर बाळ आहे त्यांच्या, उन्हाचं कुठं उभं करता.

समोर दिसते ती कुंभारखाण. टेकडीच्या पोटातून पिढ्यान्‌पिढ्या कुंभारांनी माती काढली आणि काढता काढता ही पोकळी झाली. आत दोन-अडीचशे माणूस बसेल, वरचं छत कडक मुरुमाचं आहे. पण तिथवर जायची वाट बघा. ही अशी अरुंद घळ, दोन्ही अंगाला पुरुषभर उंच दरडी, आणि टोकाला खाणीचं तोंड. ते तोंड पाठीवर गोण टाकलेलं गाढव कसंबसं जाईल तेवढंच रुंद. एका वेळी एकच माणूस जातो, आणि तो आमच्या पाटलांसारखा असेल तर जरा तिरका होऊन जातो. तोंडाच्या बाजूला तो शेंदूर फासलेला फलक आहे. त्यावर तीन उंचवटे दिसतात, एक पुढं आणि दोन मागं. कुठला देव म्हणून विचारू नका, शेवटी सांगतो.

दरसाल चैत्रात माळाईची जत्रा भरते. जत्रेच्या दिवशी दुपारी सगळं गाव या खाणीत येऊन घटकाभर बसतं. पुढं गाढव असतं. त्याला आंघोळ घातलेली, कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूची माळ, आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. आमच्याकडं गाढव ही शिवी नाही. मागं एक नवीन तलाठी आला होता. तो चिडून एकाला गाढव म्हणाला, तर त्या माणसानं घरी जाऊन बायकोला गोड करायला सांगितलं. तुम्ही हसता. हसा. सगळे पावणे याच ठिकाणी हसतात.

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी म्हणाल तर माझ्या लहानपणीची म्हातारी माणसं सांगायची, सात पिढ्यांमागची. आणि त्यांच्या लहानपणीची म्हातारी माणसंही सातच सांगायची म्हणे. तेव्हा हिशेबाच्या भानगडीत पडू नका.

त्या काळी गावात पाटीलकीच्या दोन पात्या होत्या, म्हणजे एकाच घराच्या दोन शाखा. थोरल्या पातीचे बयाजी पाटील आणि धाकट्या पातीचे राणोजी पाटील. दोघंही अंगानं भरलेले, मनानं उदार, दारी आलेल्याला रिकाम्या हातानं परत न धाडणारे. पण पहिल्या मानाची गोष्ट निघाली की दोघांचीही डोकी फिरायची. होळीला पहिली पोळी कुणाची, बेंदराला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून तीन पिढ्या वाद चालला होता. एका लग्नात मुलीच्या बापानं शहाणपण केलं, दोन हातांत दोन विडे घेतले आणि दोघांना एकदमच दिले. तर उजव्या हातातला विडा कुणाला गेला यावरून भांडण झालं आणि मुहूर्त टळला. नवरा-नवरी बिचारी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहून दमली, असं सांगतात.

आणि गावाची शिस्त अशी की मानकऱ्याच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. देवळात नाही, पंगतीत नाही, ओढा ओलांडतानासुद्धा नाही. पाटील थांबले की गाव थांबायचं.

या गावात सगळ्यांत शेवटी चालायची ती धुरपा कुंभारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लग्नाला, जत्रेला, मर्तिकाला मडकी तिची लागत, पण मडकं पुढं जायचं आणि धुरपा मागं राहायची. तिला त्याचं फारसं वाटत नसे. ती माणसांशी बेताचंच बोलायची, आणि जे बोलायचं राहील ते आपल्या गाढवाशी बोलायची. त्या गाढवाचं नाव हैबती. ते नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. तो म्हणायचा, घोडं काही आपल्या दारी बांधलं जायचं नाही, निदान नाव तरी सरदाराचं असू दे. हैबती रोज सकाळी रिकामी गोण घेऊन खाणीत जायचा, भरलेली घेऊन यायचा. त्याला वाट दाखवावी लागत नसे. धुरपानं रिकाम्या गोणीवर दोनदा थाप मारली की तो समजायचा, खाणीत जायचंय, आणि मग मधे भिंत आली तरी थांबायचा नाही.

धुरपाला चार लेकरं झाली होती, त्यांतली तीन गेली. राहिली ती एकटी काशी. ती त्या साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नववा महिना भरत आला होता. धुरपाचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता. ती दिवसातून दहा वेळा पोरीच्या तोंडाकडं बघायची आणि काशी म्हणायची, आये, मी काय मडकं हाये का, सारखी तडा बघतीस.

तर असा तो जत्रेचा दिवस. सगळं गाव घरंदारं बंद करून माळावर आलेलं. माळाईला त्या वेळी देऊळ नव्हतं. उघड्या माळावर शेंदरी दगड, त्याच्यापुढं कापडाचा मांडव, बाजूला एक जुना पिंपळ, आणि पिंपळाखाली पंचवीस-तीस बैलगाड्या सोडलेल्या. एका कडेला धुरपा आपल्या मडक्यांची उतरंड लावून बसलेली, शेजारी काशी आणि मागं हैबती.

सकाळी नारळ फोडताना वाजलंच होतं. तोडगा असा होता की घंटेच्या एकाच टोल्याला दोन्ही पाटलांनी आपापल्या दगडावर नारळ आपटायचा. बयाजींचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला, राणोजींच्या नारळाला दोन फटके लागले. धाकट्या पातीचं म्हणणं, नारळ मुद्दाम कडक दिला. थोरल्या पातीचं म्हणणं, मनगटच मऊ आहे. दुपारपर्यंत दोघं मांडवाच्या दोन टोकांना एकमेकांकडं पाठ करून बसले होते.

दुपारी वारा पडला. पानसुद्धा हलेना. माणसं उपरण्यानं वारा घेत होती, पोरं पेंगुळली होती. तेवढ्यात हैबतीनं कान मागं टाकले. धुरपानं त्याच्याकडं बघितलं आणि मग तो ज्या बाजूला शेपूट करून उभा राहिला होता त्या बाजूला बघितलं. मावळतीला आभाळ तांबूस-काळं झालं होतं आणि त्या ढगातून एक सोंड खाली लोंबत होती. ती जमिनीला टेकली तशी तिच्या बुडाशी धूळ उसळली. लांबच्या वस्तीवरची कडब्याची एक आख्खी गंज उठली, हवेत फिरली आणि दिसेनाशी झाली.

साध्या वावटळी माळाला नव्या नव्हत्या. वावटळीत भूत असतं आणि पायातलं फेकून मारलं की ते पळतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. गुरवानं पुढं होऊन आपली उजवी वहाण भिरकावली. ती वर गेली आणि वरच राहिली. पुढं म्हणे सहा कोसांवरच्या एका गावाला ती सापडली आणि आकाशातून आली म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. गुरव मागायला गेला तर त्याला डावीही मागून घेतली, जोड पुरी व्हावी म्हणून.

धुरपा उठली. तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. बाहेर कसलंही वादळ असो, खाणीत ठेवलेल्या पणतीची ज्योत हलत नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मांडवाच्या मधोमध जाऊन सांगितलं की झाडाखाली जाऊ नका, गाड्यांखाली जाऊ नका, सगळे खाणीत चला. तिचं कुणी ऐकलं नाही. निम्मे लोक पिंपळाला बिलगले, काही गाड्यांखाली सरकले, काहींनी मांडवाचे खांब धरले. मग मांडवच उठला. खांब धरलेली माणसं हात-दोन हात वर उचलली गेली आणि परत खाली बसली, आणि कापड पाखरासारखं उडून गेलं. तेव्हा सगळ्यांना धुरपाचं म्हणणं एकदम पटलं.

गाव खाणीकडं पळत सुटलं. पण पळालं कसं ते ऐका. पुढं दोन्ही पाटील आणि मागं सगळं गाव. पाटलांच्या पुढं पाऊल टाकायचं नाही ही शिस्त तशा तुफानातही कुणी मोडली नाही. तरणीताठी पोरं, जी एका दमात टेकडी चढली असती, ती पाटलांच्या मागं दुडक्या चालीनं पळत होती. आणि पाटील तर आयुष्यात पळाले नव्हते. त्यात बयाजी तिरक्या नजरेनं राणोजींना बघायचे, राणोजी बयाजींना, आणि दोघं खांद्याला खांदा लावून मोजून सारखं पळायचे. धुरपा काशीला सांभाळत, हैबतीला धरून, सगळ्यांच्या शेवटी निघाली होती. तरीही ती गावाच्या मागोमाग घळीशी पोचली, इतका तो वेग होता.

घळीत गर्दी शिरली आणि थांबली. धुरपाला वाटलं, आत शिरताना वेळ लागत असेल. पण रांग सरकेना. पुढून मागं निरोप आला की पाटलांचं ठरत नाहीये.

खाणीच्या तोंडाशी दोघं एकदमच पोचले होते. नारळाचा तोडगा इथं चालेना, कारण दोन नारळ एका वेळी फुटतात पण दोन पाटील एका वेळी त्या तोंडातून जात नाहीत. त्यांनी करूनही पाहिलं. दोघं एकदम शिरले आणि मधेच अडकले, मागच्यांनी उपरणी धरून ओढून काढलं. मग बयाजी म्हणाले, थोरली पाती आधी. राणोजी म्हणाले, सकाळी नारळात तुमचं झालं, आता आमचं. कुणीतरी सुचवलं, माळाईला कौल लावा. ते दोघांनाही पटलं. पण माळाई होती माळावर. एक जण तिला आणायला म्हणून दरडीवर चढला, डोकं वर काढलं, आणि तसाच परत खाली उतरला.

वरून आवाज येत होता. जात्यात दगड भरडावेत तसा, पण सगळ्या बाजूंनी. दरडीवरची माती घळीत गळत होती. लोक पाटलांना विनवत होते, हात जोडत होते, दोन-चार जणांनी मागून हलकेच रेटूनही बघितलं. जितकं रेटलं तितके दोघं पाय रोवून ताठ झाले. तशी दोघांच्याही डोळ्यांत भीती होती असं सांगतात. दोघांनाही आत जायचं होतं. पण आपण मागं राहिलो तर वाडवडिलांना काय तोंड दाखवू, हे त्या तुफानापेक्षा मोठं झालं होतं. आणि सगळं गाव त्यांच्या मागं अडकून पडलं होतं.

रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या काशीनं त्याच वेळी आईचा हात दाबला. धुरपानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या. घळीच्या शेपटाला त्या दोघी होत्या, तिथं दरड कमरेएवढीच होती, आणि आधी काही उडणार असेल तर त्या दोघीच उडणार होत्या. तीन लेकरं आधीच गेलेली. ती ओरडली असती, पण तिचा आवाज आजवर कधी गावात कुणाला ऐकू गेला नव्हता आणि आता तर वाऱ्यापुढं कुणाचाच जात नव्हता.

मग म्हणे तिनं डोळे बारीक करून घळीच्या टोकाकडं नीट बघितलं.

आता एक कुंभाराच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. गाढव अडलं की त्याला मागून हाणून उपयोग नाही, ते चारी पाय रोवतं. पुढून ओढूनही उपयोग नाही, ते मागं रेलतं. समजूत काढाल तर ऐकून घेतं आणि तिथंच उभं राहतं. त्याला एकच उपाय असतो. त्याच्या अंगाला घासून दुसरं गाढव पुढं काढायचं. ते गेलं की अडलेलं आपोआप चालायला लागतं, आपण कशासाठी अडलो होतो ते विसरूनच जातं. धुरपानं हे जन्मभर केलं होतं. घळीच्या टोकाशी तिला त्या घटकेला काय दिसलं ते ती त्या दिवशी कुणाला बोलली नाही.

तिनं हैबतीचं तोंड घळीकडं केलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "जा बाबा, काशीसाठी जा," आणि पाठीवरच्या रिकाम्या गोणीवर दोनदा थाप मारली.

हैबती निघाला. घळीत माणसं दाटलेली होती, पण घाईत असलेल्या गाढवाला वाट कशी द्यायची हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. लोक दरडीला चिकटले, बायकांनी पोरं वर उचलली, म्हाताऱ्यांनी पोटं आत घेतली. हैबती कुणाकडं न बघता सरळ टोकाशी गेला. तिथं दोन्ही पाटील एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे होते. त्यानं दोघांच्या मधे डोकं घातलं आणि मान वर करून जीव खाऊन ओरडला. एवढ्या जवळून गाढव ओरडलेलं त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. बयाजी उजव्या दरडीला लागले, राणोजी डाव्या. आणि हैबती रोजच्यासारखा आत निघून गेला.

सगळे खाणीच्या तोंडाकडं बघत राहिले.

पहिला मान गेला होता. बयाजींनी राणोजींकडं बघितलं, राणोजींनी बयाजींकडं.

"तुम्ही नाही," बयाजी म्हणाले.

"तुम्ही बी नाही," राणोजी म्हणाले.

आणि दोघांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की तीन पिढ्यांत तसं कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मानासाठी त्या गावात आजवर कुणी भांडलंच नव्हतं, त्याला नावही नव्हतं. तेव्हा दुसरं कोण गेलं आणि तिसरं कोण हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. दोघं तिरके होऊन आत शिरले आणि त्यांच्यामागून सगळं गाव बांध फुटल्यासारखं आत गेलं. शेवटी काशीला उचलून बायकांनी आत घेतलं आणि सर्वांत शेवटी धुरपा. ती तोंडाशीच बसली. बाहेरून वादळ गेलं तेव्हा टेकडी हादरली, पण आत कुणीतरी लावलेल्या पणतीची ज्योत हलली नाही.

काशीला फार आत न्यायला वेळच नव्हता. तोंडाजवळच बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. पाटील सगळ्यांत आधी शिरलेले, म्हणून सगळ्यांत आत, खाणीच्या टोकाला हैबतीच्या दोन अंगांना दाबून बसले होते. दर थोड्या वेळानं तिथून विचारणा यायची, झालं का. आणि हैबतीला मानाची काही कल्पना नसल्यामुळं तो मधूनच एकाच्या पागोट्याचा शेव चावायचा. शेवटी आडोशामागून बाळाचा आवाज आला. मुलगी झाली होती. खाणीत सगळ्यांनी एकदम हुंदका दिला, म्हणजे हसू का रडू ते कुणाला नीट सांगता येईना. धुरपानं नातीला हातात घेतलं आणि आता मात्र ती सगळ्यांदेखत, मोठ्यानं, मनसोक्त रडली.

वादळ पुरतं ओसरलं तसे आतून पाटील हाका मारू लागले, बाहेर सोडा. पण जायचं कसं? आत जाताना पहिला तो बाहेर येताना शेवटचा. वाटेत सगळं गाव बसलेलं. तेव्हा पहिली बाहेर आली ती धुरपाच्या हातातली घटकाभराची पोर, मागून काशी, मागून बाया, मग गडीमाणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी बयाजी आणि राणोजी. त्यांच्याही मागून हैबती, कारण तो आत झोपला होता आणि त्याला उठवायचं धाडस कुणी केलं नाही.

माळावर जाऊन बघतात तर पिंपळ उपटून बरोबर गाड्यांवर पडलेला, मांडवाचा पत्ता नाही. धुरपाची सगळी मडकी फुटली होती, एक सोडून. ते मडकं उडून माळाईच्या डोक्यावर पालथं बसलं होतं, नाकापर्यंत. गुरवानं हात जोडून सांगितलं की देवीनंसुद्धा निवारा बघितला, तिथं आपण कोण. आजही माळाईच्या देवळावर पितळी कळस नाही, मातीचं मडकं आहे. तिकडं जाल तेव्हा बघा.

दुसऱ्या दिवशी गाव बसलं. बयाजींनी उठून जाहीर केलं की यापुढं पहिला मान हैबतीचा. राणोजी लगेच हो म्हणाले. हे दोघांच्या मनाचा मोठेपणा म्हणून सांगायची आमच्याकडं पद्धत आहे. खरं म्हणाल तर दोघांचा विचार एकच होता, गाढवाला चालेल पण दुसऱ्या पातीला नको. मग त्यांनी धुरपाला विचारलं की तुला काय पाहिजे ते माग. सगळ्यांना वाटलं, ती जमीन मागेल, नाहीतर मडक्यांची भरपाई. धुरपा उभी राहिली. तिचा आवाज आता ऐकू यायला लागला होता.

ती म्हणाली, "वारं सुटल्यावर दारात कुणी कुणाला थांबवायचं न्हाई. कोण कुठला इचारायचं न्हाई. एवढं द्या."

ते गावानं दिलं, आणि माळाईवर हात ठेवून दिलं.

पाटलांची मात्र आणखी एक इच्छा होती. झाल्या गोष्टीची आठवण राहावी म्हणून धुरपानं मातीचा फलक करून भाजावा, पुढं हैबती आणि मागं आम्ही दोघं. फक्त दोघं अगदी सारखे कर, बोटभर इकडंतिकडं नको. धुरपानं महिनाभर मन लावून फलक केला. तो खाणीच्या तोंडाशी बसवला आणि वर कापड टाकलं. कापड काढलं त्याच क्षणी बयाजींनी उजवीकडून आणि राणोजींनी डावीकडून ओंजळभर शेंदूर फासला. दुसऱ्याच्या आधी लागावा म्हणून इतक्या घाईनं फासला की फलक कुणी धड बघितलाच नाही. तेव्हापासून दर जत्रेला दोन्ही पात्या शेंदूर लावत आल्या. थरावर थर चढले आणि उरले ते हे तीन उंचवटे.

माझ्या आजोबांच्या वेळी एका उन्हाळ्यात शेंदराचं कवच तडकलं आणि सगळं एकदम गळून पडलं. आत फलक कालच भाजल्यासारखा नवाकोरा. गाव बघायला लोटलं. पुढं हैबती, तो ओळखू आला. मागं दोन पागोटी, झुबकेदार मिशा, अंगरखे, सगळं व्यवस्थित. फक्त दोन्ही पागोट्यांच्या बाजूंनी लांबच लांब कान वर आलेले. धुरपाला घळीच्या टोकाशी काय दिसलं होतं ते सात पिढ्यांनी गावाला कळलं. कुंभारवाड्यातल्या बायकांना तेवढं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्यात ते आईकडून मुलीला सांगत आले होते.

दोन्ही पात्यांचे पाटील समोर उभे होते. आता काय होतंय म्हणून गाव टाचा उंचावून बघत होतं. थोरल्या पातीचे माझे आजोबा फलकाजवळ गेले, दोन्हीकडचे कान निरखले आणि म्हणाले, "उजवीकडचे कान लांब हायेत. उजवी बाजू आमची."

धाकट्या पातीनं दोरी आणली, मापं घेतली. तो वाद अजून मिटलेला नाही. नवा शेंदूर मात्र दोघांनी मिळून त्याच संध्याकाळी लावला, आणि चांगला जाड लावला. आणि हो, मी त्याच थोरल्या पातीचा. तिरका झाल्याशिवाय मीही आत जात नाही, ते तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. कान आमचेच लांब आहेत, मी स्वतः मोजलेत.

आजही चैत्रात मावळतीला तांबडं दिसलं की गावातलं गाढव आधी सुटतं आणि त्याच्यामागून जो असेल तो निघतो. धनगराची मेंढरं असोत, वाटसरू असो, मोटार बंद पडलेला कुणी असो, आत येताना त्याला नाव विचारत नाहीत. धुरपाला दिलेला शब्द आहे तो.

ती बघा, आली. गाढवाला घेऊन येतेय ना, ती काशीच्याच वंशातली. सरका जरा, त्याला जाऊ द्या, हात लावू नका. हं, आता चला तुम्ही, कुणीही आधी जा. फक्त या बाळाच्या आई शेवटी येऊ देत, तोंडाशी बसतील. म्हणजे बाहेर निघताना पहिल्या त्या. तो मान त्यांचा आहे, आणि त्यावर आजवर कुठल्याही पाटलानं वाद घातलेला नाही.